पुढे सरकवलेलं ताट

रत्नागिरीच्या बंदरावर त्या दिवशी माझ्यासाठी उभ्याउभ्या प्रार्थना झाली. एकोणीसशे पंचवीसच्या आसपासची ही गोष्ट. मे संपत आला होता, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या बेतात होत्या, म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या कितीतरी आधी मी निघालो होतो. बोट लांब नांगर टाकून उभी होती. तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावात निम्मी माणसं चढून बसली होती आणि आमचे बाबा डोळे मिटून देवाला माझी ओळख करून देत होते, जणू मी त्याला ठाऊकच नव्हतो. पडावाचा तांडेल बिचारा टोपी काढून थांबला. मी अठरा वर्षांचा, लाजेनं अर्धा झालो होतो.

आमेन झाल्यावर बाबांनी मुंबईतल्या सगळ्या पापांची यादी सांगितली. दारू, नाटकं, घोड्यांच्या शर्यती, रिकामटेकडी संगत. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर आणि रविवारी उपदेशक, त्यामुळे यादी पाठ होती. प्राणिशास्त्र तिच्यात नव्हतं. आईनं सुकटीच्या चटणीची बरणी हातात दिली आणि ‘पोचल्याचं पत्र टाक’ एवढंच म्हणाली. पडाव सुटला तेव्हा ती मागे वळली. तिला आपले डोळे मला दिसू द्यायचे नव्हते.

मिशनच्या कंपाउंडात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बिऱ्हाड मुंबईला, पुण्याला, कुणी थेट आफ्रिकेला हलवलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. तुमच्यातल्या काहींची अजून समजूत आहे की मी मुंबईला जाऊन दारूला लागलो होतो आणि बाबांच्या प्रार्थनेनं सुटलो. ती गोष्ट फार छान आहे, पण खरी नाही. खरं काय झालं ते आता सांगून टाकतो.

बोर्डिंगात ती बरणी उघडली की शेजारचे दोघे व्हरांड्यात जाऊन बसायचे. पहिले काही महिने मला मुंबईचा आवाज सहन होत नव्हता. ट्रामची घंटा ऐकली की आमच्या चर्चची आठवण यायची आणि चर्चची आठवण आली की भूक लागायची. हळूहळू मीही ‘लेक्चर’, ‘प्रॅक्टिकल’, ‘टर्म’ असं बोलायला लागलो. घरी पत्र लिहिताना ते शब्द खोडून मराठी शब्द शोधायचो, म्हणजे मी बदललोय हे बाबांना कळू नये.

पण बदललो होतोच. एक दिवस प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली कोंबडीचं पिल्लू पाहिलं, अंड्यात तीनच दिवस वाढलेलं. त्याच्या मानेवर चिरा होत्या. माशाला जिथे कल्ले असतात तिथेच. माझा जन्म मासे खाण्यात गेलेला, त्या चिरा मला कुणी दाखवायची गरज नव्हती. प्रोफेसर शांतपणे सांगत होते की सगळे प्राणी एकातून एक, लाखो वर्षांत झाले, आणि माणूसही त्यातलाच. बाकीची मुलं चित्र काढत होती. माझ्या हातातली पेन्सिल थांबली होती.

ज्यांना हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल त्यांना माझी भीती सांगायला हवी. देवानं सहा दिवसांत जग केलं, आदामाला मातीतून घडवलं, आदामानं पाप केलं आणि त्या पापासाठी ख्रिस्त मेला. आमच्या घरातली रोजची प्रार्थना या क्रमावर उभी होती. आदामच नसेल, तर पुढचं काय उरतं? वहीचं पहिलं पान उसवलं की शेवटचंही सुटतं, तसं मला झालं होतं.

त्याहून मोठी भीती घराची होती. बाबा दाभोळजवळच्या, मासेमारी करणाऱ्या खारवी घरातले. तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी खाडीत उतरून मुलाच्या नावानं आंघोळ केली, मुलगा मेला म्हणून. नंतर बाप-लेक कधी भेटले नाहीत. ही हकिकत बाबा आम्हांला अभिमानानं सांगत, विश्वासासाठी माणूस काय काय सोडतो याचं उदाहरण म्हणून. मुंबईच्या खाटेवर पडून मी ती हकिकत आठवायचो आणि मला वाटायचं, आता पाळी माझी.

पहिल्या नाताळाला घरी गेलो. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण, तीन महिन्यांतून एकदा होई. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात फिरतं. मनात कबूल न केलेलं पाप असेल, तर त्या माणसानं तुकडा न घेता ताट पुढे सरकवायचं, ही आमची रीत. मी पापाचा विचारही केला नव्हता. फक्त एवढंच वाटलं की मनात एवढी उलथापालथ असताना तुकडा उचलणं म्हणजे खोटं बोलणं. ताट आमच्या रांगेत घेऊन आले ते बाबाच. मी ते पुढे सरकवलं. बाबांनी ते पुढच्या रांगेला दिलं.

एप्रिलमध्ये ईस्टरला पुन्हा तसंच झालं.

मग काय विचारता. कंपाउंडात चार डोकी जमली की माझाच विषय. कुणी म्हणालं दारू. कुणी गिरगावातली मुलगी शोधून काढली आणि तिला नावसुद्धा दिलं. शुद्ध करून घेऊन हा पोरगा परत हिंदू होणार, असंही काहींनी ठरवलं. आई माझ्या कपड्यांचा वास घ्यायची. चर्चचे पाळकसाहेब बाबांना दोनदा बोलावून गेले. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला सगळ्यात जड गेलं.

मे महिन्यात एका दुपारी ते म्हणाले, चल, खाडीवर जाऊन येऊ. भाट्याच्या खाडीला ओहोटी होती. दूरवर चिखल उघडा पडला होता. काठावर एक होडी उलटी घातलेली होती, तिच्यावर ते बसले. मी उभाच राहिलो.

“दारू आहे का?” त्यांनी चिखलाकडे बघत विचारलं.

“नाही, बाबा.”

“मुलगी?”

“नाही.”

“मग धर्म सोडतोयस.”

हा प्रश्न नव्हता. तेव्हा मी सगळं सांगितलं. पिल्लाच्या मानेवरच्या चिरा, लाखो वर्षं, माणूस प्राण्यांतून झाला हे. ते मला खरं वाटतं हेही सांगितलं, आणि शास्त्र सोडवत नाही हेही. मी दमेपर्यंत बोललो. मग मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. कुठले सदरे, कुठली वही, इथपर्यंत पोचलो होतो.

“एवढंच?” बाबा म्हणाले. “आणि पाच महिने तुझी आई रडतेय?”

त्यांनी समोर बोट दाखवलं. चिखलावर निवट्या होत्या. निवटी म्हणजे खाडीतला बोटभर मासा, पण ओहोटीला पाण्यात जात नाही. पुढच्या परांवर रेटत चिखलातून चालतो, कांदळाच्या झाडांच्या मुळांवरही चढतो. लहानपणी बाबांनी आपल्या वडिलांना विचारलं होतं, हा मासा पाण्यात का राहत नाही. त्यावर त्यांचे वडील म्हणाले होते, ‘त्याला वर यायचं आसंल.’ हे सांगताना बाबा हसले. आपल्या वडिलांचं बोलणं ते त्यांच्याच हेलात सांगत होते, आणि हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या हकिकतीत आजवर फक्त खाडीतली आंघोळ असायची.

मग ते बराच वेळ बोलले. शाळेतल्या एका पोरानं त्यांना पूर्वी अडवलं होतं की सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर आधीचे तीन दिवस कुणी मोजले. त्यांना उत्तर देता आलं नव्हतं, आणि तेव्हापासून ते सहा दिवसांवर घड्याळ लावत नव्हते. कुणाला बोलले नव्हते इतकंच. देवाला घाई होती असं कुठे लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. मी आदामाचं काढलं. आदाम नसेल तर पाप कुठून आलं, आणि पाप नसेल तर क्रूस कशाला?

“आदामाचं मला ठाऊक नाय,” ते म्हणाले. “मी पापी आहे हे ठाऊक आहे. त्याला आदामाची साक्ष कशाला हवी?”

आणि मग उठून, धोतर झाडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझ्या बापानं एका पुस्तकापायी माझ्या नावानं आंघोळ केली. मी दुसऱ्या पुस्तकापायी तुझ्या नावानं करू होय? ताट सरकवू नकोस, शमू. शंका म्हणजे पाप असतं तर मला इतकी वर्षं जेवताच आलं नसतं.”

मी तिथे उभा राहून रडलो. लाज वाटली नाही. पाच महिन्यांचं ओझं उतरलं आणि पहिली जाणीव झाली ती ही की पाय चिखलात रुतलेत आणि भयंकर भूक लागली आहे.

घरी येऊन बाबांनी आईला सगळं समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे मुलगी नाय?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग माकडाचं काय ते तुम्ही दोघं बघा.” तिनं चुलीवर तवा ठेवला. त्या दिवशीच्या तळलेल्या मांदेल्यांची चव मला अजून सांगता येत नाही.

बाबांना सगळं पटलं असं समजू नका. इतर प्राण्यांचं त्यांनी मान्य केलं, माणसाचं अजून करत नाहीत. गेली बारा वर्षं आम्ही पत्रांतून भांडतोय. पावसाळ्यात बोट बंद, टपाल कोल्हापूरकडून येतं, तेव्हा एका मुद्द्याला उत्तर मिळायला आठवडा लागतो, आणि तोवर मी माझाच मुद्दा विसरतो. ताट सरकवण्याचं खरं कारण बाबांकडून कळल्यावर पाळकसाहेबांनी मात्र त्यांना ते जरा सैल झाल्याचं ऐकवलं, आणि पुढे उपदेशाची पाळी त्यांच्याकडे कमी येऊ लागली. हे त्यांनी मला कधी लिहिलं नाही, आईनं कळवलं. माझ्या सुटकेची एवढी किंमत त्यांनी भरली याचं मला वाईट वाटतं, आणि त्यांचा अभिमानही वाटतो.

आता मी भायखळ्याला राहतो, एका शाळेत सायन्स शिकवतो. बायको रूथ नगरची आहे, तिला अजून मासे नीट साफ करता येत नाहीत. रविवारी आम्ही चर्चला जातो, सोमवारी मी मुलांना बेडूक फाडून दाखवतो. दोन्ही दिवशी मी एकच माणूस असतो. पूर्वी हे मला अशक्य वाटत होतं.

गेल्या महिन्यात दारात एक मुलगी उभी राहिली. सुमती, मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची लेक, इंटर सायन्ससाठी नुकतीच मुंबईला आलेली. काही केल्या आत येईना. हातात बाबांची चिठ्ठी होती. तिच्यात लिहिलं होतं, ‘ही तुझ्यासारखीच घाबरली आहे. मला माणसाचं पटत नाही म्हणून तुझ्याकडे पाठवतोय.’

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मुलगी खाली मान घालून म्हणाली, “मास्तर म्हणाले, तुमच्या घरी काहीही बोललं तरी चालतं.”

आजवर मी कुणी विचारलं तर घर रत्नागिरीला आहे असंच सांगत आलो होतो, आणि इथल्या दोन खोल्यांना जागा म्हणत होतो. रूथनं तिसरं पान मांडलं. मी सुमतीला म्हटलं, “आत ये. आधी जेव, मग सगळं सांग.”