दारात पुढे कोण होतं

रविवार, १४ जून १९७०. पंचाहत्तर सेंट, पंचवीसची तीन नाणी. शिंपी तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि टेकडीवरच्या चर्चच्या दानपेटीत त्याने ही नाणी टाकली ती आत पाऊल टाकण्याआधी. पेटी दाराबाहेर होती, म्हणून आधी दान आणि मग प्रवेश. दान झालं, प्रवेश झाला नाही. दाराशी उभ्या असलेल्या गोऱ्या गृहस्थाने हात आडवा धरला आणि हळू आवाजात सांगितलं की, तुमच्या काळ्या लोकांचं चर्च खाली आहे.

शिंपी काही भांडायला गेला नव्हता. तो ज्या दुकानात उमेदवारी करत होता तिथे त्या चर्चच्या गायकवृंदाचे चोवीस झगे शिवले गेले होते, आणि त्यातल्या एकोणीस झग्यांच्या बाह्या त्याच्या हातच्या होत्या. ते अंगावर कसे पडतात एवढंच त्याला बघायचं होतं. आतून गाणं ऐकू येत होतं. झगे काही दिसले नाहीत.

त्याच्याबरोबर एक मित्र होता. तो पायऱ्यांच्या खाली, फाटकाशी, बुटाची नाडी बांधत होता. पुढे दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली आणि मित्राचा साडू झाला. साडू बस चालवायला लागला, युनियनमध्ये गेला, तिथून पक्षात गेला. बोलणं त्याच्या अंगातच होतं. टेकडीवरच्या रविवारची गोष्ट तो सभांतून सांगू लागला, आणि दर निवडणुकीला एक पायरी वर चढू लागला. पहिल्यांदा तो फाटकाशीच होता. मग तिसऱ्या पायरीवर आला. मग शिंप्याच्या शेजारी. अलीकडच्या सभांत शिंपी गोष्टीतून गळालाच होता आणि आडवा हात थेट साडूच्या छातीला लागत होता.

शिंपी सगळं ऐकून घ्यायचा. खालच्या चर्चमध्ये तो कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात होता, रोज पहाटे पवित्र शास्त्र वाचायचा, आणि चारचौघांत आपलं दुःख मांडणं त्याला हलकेपणाचं वाटायचं. मात्र न्हाणीघरात दार लावून तो त्या गोऱ्या गृहस्थाशी बोलायचा. एक्केचाळीस वर्षांत त्याने ते भाषण घासूनपुसून लखलखीत केलं होतं. शेवटी मोठ्या मनाने क्षमा करायची, असं ते भाषण होतं.

आणि मग दोन्ही चर्चच्या पाळकांनी मिळून समेटाची उपासना ठरवली. गोरे आणि काळे एका छताखाली, टेकडीवर. महापौर येणार होते, कारण तीन आठवड्यांवर मतदान होतं. दाराशी हात आडवा धरणारे ते गृहस्थ अजून हयात होते, ब्याऐंशी वर्षांचे. ते सगळ्यांसमोर माफी मागणार होते आणि समोरचा माणूस त्यांना मिठी मारणार होता. समोरचा माणूस म्हणून उपासनेच्या समितीने साडूला निवडलं.

शिंप्याच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही.

"हे सगळं मतांसाठी चाललंय," तो बायकोला म्हणाला. "देवाचं नाव आणि महापौराचा फोटो."

बायको वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्हाला बोलावलं असतं, तर देवासाठी झालं असतं."

त्यावर कडी म्हणजे साडू स्वतःचा कोट घेऊन शिंप्याच्याच दुकानात आला. खांद्यात जरा सैल कर, म्हणाला, मिठी मारायची आहे, ऐन वेळी काखेत उसवायला नको.

"तू फाटकाशी होतास," शिंपी टेप त्याच्या छातीभोवती घेत म्हणाला. हे वाक्य त्याने एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं.

साडूने श्वास रोखून धरला होता, तो सोडला. "होतो की. पण तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. कुणीतरी बोलायला हवं होतं ना, मास्तर?"

"माझ्याबद्दल बोलायचंस."

"सुरुवातीला तेच बोलायचो. लोक विचारायचे, तो कुठाय मग? तू कधी आलास एका तरी सभेला?"

शिंप्याचा अधिकच जळफळाट झाला. त्याने कोट खांद्यात सैल केला, काखेची शिवण उसवली आणि ती परत घालताना फक्त कच्चे टाके घातले. हात वर गेला, ओढ बसली की टाके जाणार. महापौरांसमोर, कॅमेऱ्यासमोर, अस्तरासकट. त्या रात्री तो दोन दिवसांनी पोटभर जेवला.

शनिवारी दुपारी दुकानापुढे एक गाडी थांबली. मुलीने वडिलांना हात धरून आत आणलं आणि ती गाडीत जाऊन बसली. म्हातारा अंगाने आटला होता, कोट त्याच्यावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. उद्यासाठी बाह्या आखूड करायच्या होत्या. शिंप्याने त्याला लगेच ओळखलं. उजवा हात तोच होता.

शिंप्याने खडूने मनगटाशी खूण केली. म्हातारा खडूकडे बघत राहिला.

"तुम्ही डावखुरे," तो म्हणाला.

"जन्मापासून."

"त्या मुलाने पेटीत डाव्या हाताने पैसे टाकले होते. तुमचे नातेवाईक समितीत सही करत होते, ती उजव्या हाताने. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पत्रिका छापून झाल्या होत्या, वर्तमानपत्रांना कळवलं होतं. आता मी पाळकांना सांगतो. उद्या वर तुम्हीच या. पण त्याआधी इथे सांगतो, कुणी नसताना. मी चुकलो. मला क्षमा करा."

शिंप्याला एक्केचाळीस वर्षं हवा होता तो क्षण समोर उभा होता, मनगटाला खडू लावून. त्याने भाषण आठवून पाहिलं. शब्द सगळे जागच्या जागी होते. पण ते म्हणावेत असं त्याला वाटेना. आत कुठेच क्षमा नव्हती. उद्या सगळ्यांसमोर उभं राहिलो असतो तर काय दिलं असतं आपण याला, असा विचार त्याच्या मनात आला. साडू निदान मिठी तरी मारणार होता.

"हात सरळ ठेवा," तो म्हणाला. "दुसऱ्या बाहीचं माप राहिलंय."

माप झालं. मग शिंपी म्हणाला, "पाळकांना काही सांगू नका. तिथे माझा साडूच बरा."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग खिशातून दहाची नोट काढली. पेटीची किल्ली माझ्याकडेच असायची, म्हणाला, तुमचे पंचाहत्तर सेंट मी त्याच दिवशी काढून द्यायला हवे होते, ते तरी घ्या.

"सुट्टे नाहीत," शिंपी म्हणाला. गल्ला चिल्लरने भरलेला होता. "पुढच्या खेपेला द्या."

गाडी गेल्यावर त्याने बाह्या पूर्ण केल्या. मग साडूचा कोट खुंटीवरून काढला, काखेतले कच्चे टाके ओढून टाकले आणि मशीनवर दुहेरी टीप मारली.

रविवारी तो तिसऱ्या रांगेत बसला. टेकडीवरच्या चर्चमध्ये आत येण्याची ही त्याची पहिलीच वेळ. गायकवृंदाचे झगे नवे होते, कुणा दुसऱ्याच्या हातचे. साडूने म्हाताऱ्याला मिठी मारली आणि साडू रडला, खरोखर रडला, नाक लाल होईपर्यंत. शिंप्याला त्या रडण्याचा इतका हेवा वाटला की त्याने नजर काखेवर खिळवली. शिवण तसूभर हलली नाही. साडूच्या खांद्यावरून म्हातारा तिसऱ्या रांगेकडे बघत होता. पुढे प्रभूची प्रार्थना झाली, आणि 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीला शिंपी गप्प राहिला. बायकोने कोपराने ढोसलं तरी गप्प राहिला.

बाहेर पायऱ्यांवर साडूने त्याला गाठलं. "मास्तर, शिलाई एक नंबर," तो म्हणाला, आणि पैसे तिथेच चुकते केले.

म्हाताऱ्याच्या मुलीने बाह्यांचे पैसे सोमवारी पाठवले. त्यानंतर म्हातारा दोनदा दुकानावरून गेला, एकदा थांबलाही. शिंप्याने मान वर केली नाही. पंचाहत्तर सेंट अजून यायचे आहेत.