पहिला तास गणिताचा

आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज छापील कागद एकच असायचा, पत्रक. वडील गवंडीकाम करायचे. जालन्यात काम निघालं की तिथल्या सभांमधली पत्रकं घडी घालून खिशातून आणायचे. त्यामुळे ‘धिक्कार’ हा शब्द मी ‘धन्यवाद’च्या आधी लिहायला शिकले. नववीत असताना मुलींच्या बसबद्दल पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा आपण काही वेगळं करतोय असं वाटलंही नाही.

ही बस फक्त शाळेच्या मुलींसाठी होती. ती नसती तर आमच्या गावातली एकही मुलगी सातवीनंतर टेंभुर्णीला हायस्कूलला गेली नसती, हे आधी मान्य करते. पण ती चार गावं फिरून यायची. शाळा साडेदहाला भरायची, आम्ही सव्वाअकराला उतरायचो. तोवर पहिला तास होऊन गेलेला असायचा, आणि तो रोज गणिताचा होता.

आमची वस्ती गावाच्या एका टोकाला, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं मळ्यातलं घर दुसऱ्या. गावात आम्हा दोघींना सगळं वेगवेगळं होतं. बस मात्र दोघींना सारखाच उशीर करायची. गणिताचे सर वाईट नव्हते. पेपर वाटताना ते नुसतं म्हणायचे, खेड्यावरच्या मुली गणितात कच्च्याच. इतक्यांदा ऐकलं होतं की आम्हीही ते डोळ्यांच्या रंगासारखं जन्माचं धरून चाललो होतो. सहामाहीत मैत्रीण नापास झाली. घरी तिला सांगून झालं, वार्षिकला असंच झालं तर शाळा बंद.

मी पत्रक लिहिलं. पाच मागण्या, शेवटी इशारा. तिनं ते बसमध्ये दोनदा वाचलं.

“याच्यानं बस जल्दी येईल का?”

लढ्याला वेळ लागतो, असं मी सांगितलं.

“मंग माझी परीक्षा मार्चात हाय, ते बी लिही त्याच्यात.”

तरी ते घेऊन दोघी डेपोत गेलो. तिथल्या बाबूंनी उभ्याउभ्या वाचलं, अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि समजावलं की हीच गाडी आधी दुसऱ्या रस्त्यावरच्या मुलींना सोडून येते. तुम्हाला लवकर आणलं तर त्यांचा तास बुडेल. माझ्या पत्रकात त्या मुली नव्हत्याच.

परतताना ती म्हणाली, “बस न्हाई सरकत, तं गणित सरकवू.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन उभ्या राहिलो. त्यांनी सरांना बोलावलं. गणित ताज्या डोक्याचा विषय, तो सकाळीच हवा, असं सरांचं म्हणणं. मैत्रीण खाली बघत म्हणाली, “सर, आमचं डोकं त्या टायमाला बसमधीच असतं.”

बाई हसल्या, मग सरही. त्याच आठवड्यात गणित चौथ्या तासाला गेलं आणि पहिल्या तासाला खेळ, चित्रकला, कार्यानुभव आले.

म्हणजे आमची चित्रं आणि खो-खो बुडाला. त्याचा राग मला अजून आहे. खेड्यातल्या मुलीला काय बुडवायचं एवढंच निवडता यावं, याला मी न्याय म्हणणार नाही. पण शाळा ज्याला हुशारी म्हणत होती, त्यात शाळेजवळ घर असण्याचा केवढा तरी हिस्सा होता, हे मला त्या खोलीत कळलं. आणि बाईंनी पट्टी घेऊन नवा तक्ता आखला, त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.

चौथ्या तासाला मैत्रीण सरांना अडवून अडवून विचारायची. सर आधी वैतागले, नंतर तिची वाट बघू लागले. वार्षिकचा पेपर तिच्या हातात ठेवताना कच्च्या-पक्क्याचं काही बोलले नाहीत. पास व्हायला लागतात त्यापेक्षा सहा गुण जास्त होते. तिनं बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली.

जूनमध्ये बस आमच्या वस्तीपाशी थांबली तेव्हा ती आधीच खिडकी धरून बसली होती. दप्तर मांडीवर घेऊन सरकली आणि म्हणाली, “बस की, नेत्याबाई.”