एक दिवा वर बघत होता

साल १९९८. मी एकोणपन्नास वर्षांचा, हवालदार. शिक्षण सातवी. नोकरीत पुष्कळ केसेस हाताखालून गेल्या, खुनाच्यासुद्धा, आणि त्यातल्या निम्म्या आता आठवत नाहीत. ही केस खुनाची नव्हती. एक टेम्पो भातशेतात गेला, एका बाईचं मनगट मोडलं, एवढंच. पण ती आठवली की अजून माझं डोकं तापतं.

पेण आणि रोह्याच्या मधल्या रस्त्यावर आमची चौकी होती. नाव लिहीत नाही. कुणाचंच लिहिणार नाही. दोन खोल्या, एक टेबल, दोन शिपाई आणि मी. गणपतीच्या आधी महिनाभर पोलीस ठाण्यातून एक जुनी जीप चालकासकट आमच्याकडे यायची, कारण हमरापूरकडून मूर्ती भरलेले टेम्पो त्या दिवसांत रस्त्यावर फार. त्या जीपला उजेड असा नव्हताच. देवापुढची समई बरी. त्या वर्षी रोह्याच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीला म्हटलं, बाबा, काहीतरी कर, आम्हाला खड्डे तरी दिसू देत. त्यानं केलं. सरकारी कागद पाठवला असता तर दिवाळी उजाडली असती.

गणपतीला बारा दिवस होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला रोह्याहून शांतता समितीची बैठक आटपून मी चौकीत आलो. चहा सांगितला. चहा यायच्या आत सायकलवरून एक माणूस धापा टाकत आला. म्हणाला, "सायेब, वळणावर गणपतीचा टेम्पो शेतात गेलाय. बाईला लागलंय."

गेलो. टेम्पो चिखलात तिरका रुतलेला. मूर्ती पेंढ्यात बसवलेल्या होत्या. दोन शाडूच्या पाण्यात पडून विरघळायला लागल्या होत्या. चालवणारा चाळिशीचा माणूस, हमरापूरचा कारागीर, टेम्पो त्याचाच. शेजारी त्याची बायको. मोठी मूर्ती पडू नये म्हणून तिनं मागे वळून उजव्या हातानं धरली होती. मूर्ती वाचली. हात मोडला.

नवऱ्याच्या कपड्यांना उग्र वास येत होता. मी पंचनाम्यात तसं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद आला की दारू नाही, तो वास टर्पेंटाइनचा. तरी मी म्हटलं, दारू नसेल, निष्काळजीपणा आहेच ना? भरधाव, हयगयीने. ही कलमं लावायला फार डोकं लागत नाही. टेम्पो जप्त करून चौकीच्या अंगणात आणला. त्यातल्या सात धड मूर्ती मागच्या खोलीत ठेवल्या. शिपाई सकाळी त्यांच्या पाया पडून ड्यूटी सुरू करायचे.

त्या मूर्तींना डोळे नव्हते. पांढऱ्या खोबणी नुसत्या. बाई सांगायची, वाटेत धक्के बसतात, रंग उडतो, म्हणून डोळे शेवटी, रोह्याच्या दुकानात बसून आखायचे. ते काम तिचं. त्या भागात डोळे आखणाऱ्या बायका पुष्कळ, पण दुकानदार हिच्यासाठी थांबायचा. आता उजवं मनगट प्लास्टरमध्ये. नवऱ्यावर केस. लायसन गेलं तर टेम्पो गेला, टेम्पो गेला तर धंदा गेला. इतकं सगळं माझ्या एका कागदावर होतं आणि मला ते माहीत होतं. माहीत असून मी घाई केली.

तिचा जबाब घेतला तो दिवस विसरत नाही.

"समोरून मोटार आली," ती म्हणाली. "निळा पांढरा उजेड, वेल्डिंगसारखा. यांनी डिपर दिला. समोरच्यानं पण दिला. तर सायेब, त्याचा एक दिवा वर गेला."

"वर म्हणजे?"

"वर बघाया लागला. एक आमच्या डोळ्यांत आनि एक आभाळात. सम नव्हती नजर."

मी लेखणी खाली ठेवली. "बाई, मोटारीला नजर नसते."

"दोन गोल हायत ना तिला? मग नजर हाय," ती म्हणाली. "वीस वरसं डोळेच आखते मी. जवाएवढा फरक पडला तर गिऱ्हाईक मूर्ती हातात घेत नाय. मला नाय कळणार?"

नवरा खाली मान घालून बसला होता. हळूच म्हणाला, "अगो, सायबांना नको शिकवू."

"मी शिकवत नाय. त्यांनी इचारलं म्हनून सांगते."

मी लिहिलं, 'समोरून येणाऱ्या अज्ञात वाहनाच्या प्रकाशामुळे डोळे दिपले असे सांगते.' तिला म्हटलं, अंगठा दे. ती म्हणाली, "वाचून दाखवा." वाचलं. म्हणाली, "नजरेचं कुठाय?"

"ते लागत नाही."

"तुमाला लागत नसंल."

माझा पारा चढला. चौकीत मला कुणी असं बोलत नसे. मी म्हटलं, अंगठा द्यायचा तर दे, नाहीतर घरी जा. तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला. दिला म्हणजे कागदावर दाबला तो असा, की शाई मागच्या पानावर उतरली.

पण दोघं सोडत नव्हती. रोज दहाच्या एसटीनं येऊन चौकीच्या पायरीवर बसायची. ती आत निरोप पाठवायची, "सायबांना इचारा, मोटार गावली का?" शेवटी कटकट थांबावी म्हणून मी शोध धरला. त्या वेळी रस्त्यावर कोण कोण होतं त्याची यादी केली. एसटी, दुधाची गाडी, दोन ट्रक. सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांचे दिवे पिवळे, अर्धे तर आंधळे. ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगायचा. वैताग आला.

सहाव्या दिवशी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या एका टपरीवाल्यानं खबर दिली. म्हणाला, "हवालदारसाहेब, डोलवीच्या कंपनीत जाणारी एका ठेकेदाराची मोटार हाय. तिला झेनॉनचे बल्ब टाकलेत. समोरून आली की माझ्या बरणीतली बिस्किटं मोजून घ्यावी."

ही झेनॉनची भानगड तेव्हा नवी होती. गाडीबरोबर आलेले हॅलोजन बल्ब काढायचे आणि बाहेरून आणलेले हे पांढरे टाकायचे. ज्याच्याकडे चार चाकं त्याला ती हौस. मोटार उचलून आणली. ड्रायव्हर पोरगेला, केसांना तेल, बोलण्यात मस्ती.

"पुढचा माणूस आंधळा होतो, कळतं का तुला?" मी विचारलं.

"साहेब, त्यानं पण टाकावेत ना. मग दोघांना दिसेल."

ह्या उत्तरावर एक ठेवून द्यावीशी वाटली. पण त्या संध्याकाळी तो सहापासून नऊपर्यंत कंपनीच्या गेटच्या आत होता, रजिस्टरला नोंद होती. शिवाय दिवे लावून भिंतीवर बघितले तर दोन्ही सरळ. तो निघताना म्हणाला, "मी एकटाच आहे का? रोह्याच्या मिस्त्रीला विचारा. डझनाची पेटी आणली होती त्यानं."

रोह्याचा मिस्त्री म्हणजे आमचाच. त्याला बोलावणं धाडलं. दहाव्या दिवशी दुपारी तो आला, हात कापडाला पुसत. टेम्पोवाला आणि त्याची बायको पायरीवर होतीच.

मी टेबलावर कागद ठेवला. "कुणाकुणाला बल्ब बसवलेस, सांग."

"एक, ठेकेदाराची मोटार. दोन, वरशातल्या डॉक्टरांची. डॉक्टर महिनाभर गावाला गेलेत, गाडी बंद हाय. तीन, एक लग्नाच्या भाड्याची गाडी. ती माझ्याकडंच उभी हाय, इंजिन खोललंय."

"झालं?"

तो पुन्हा हात कापडाला पुसू लागला.

"सहा जोड्या आणल्यास ना? बाकीच्या?"

"दोन जोड्या दुकानात पडून हायत."

"म्हणजे सहावी राहिली. ती कुणाला?"

तो खिडकीकडे बघू लागला. मी आवाज चढवला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी ज्या आवाजावर चोर बोलते केले तो आवाज. "बोल! कुठंय ती गाडी?"

"साहेब," तो म्हणाला, "बाहेर उभी हाय."

बाहेर टेम्पो होता आणि जीप होती.

"तुम्हीच म्हणालात ना, काहीतरी कर म्हणून? माझा मेव्हणा दुबईवरून घेऊन आला होता. पहिला मान पोलिसांना दिला मी. एक पैसा घेतला नाय."

मी उठलो नाही. त्याला विचारलं, "नीट बसवलेत?"

"बसत नव्हते. बल्बच्या बुडाला तीन कान असतात, ते आपल्या जीपच्या खाचेत जाईनात. मग कानशीनं घासले आणि बसवले."

कुणालाही विचारा, आमच्याकडचा मिस्त्री असंच करणार. बसत नाही ते घासून बसवायचं. पण ते कान कशाला असतात हे त्याच दिवशी मला कळलं. बल्बच्या आत एक बारीक वाटी असते. डिपर दिला की ती उजेड खाली पाडते. कान घासल्यावर बल्ब कसाही बसतो. उलटा बसला की डिपर दिल्यावर उजेड खाली यायच्या ऐवजी वर जातो.

दिवस कलल्यावर जीप भिंतीसमोर उभी केली. चालकाला म्हटलं, लाव. दोन झोत पडले, पांढरे फटक. म्हटलं, डिपर दे. उजवा थोडा हलला, भिंतीवर माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर राहिला. डावा कौलांवरून वर गेला तो थेट मागच्या फणसाच्या शेंड्यात.

बाई पायरीवरून उठली. नवऱ्याला म्हणाली, "हीच ती." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चालक हळू आवाजात म्हणाला, "साहेब, त्या संध्याकाळी वळणावर एक टेम्पो आलेला. मी डिपर दिला होता."

त्यानं नियम पाळला होता. मी शेजारी बसलो होतो. बैठकीतल्या पुढाऱ्यांना शिव्या देत होतो. आमच्या मागे माणसं शेतात गेली आणि मी चौकीत येऊन चहा सांगितला. रस्त्यावर कोण होतं त्याची यादी माझ्या हातानं केली, त्यात एसटी होती, दूधवाला होता. जीप नव्हती. मी नव्हतो.

शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, बल्ब काढून टाकू. मिस्त्री बोलणार नाय. टेम्पोवाल्याला समज देऊन सोडू. केस 'अज्ञात वाहन' म्हणून बंद." त्याचं चुकत नव्हतं, तो माझा विचार करत होता. मला पुढच्या वर्षी बढती होती. खरं सांगायचं तर मी घटकाभर जीपकडे बघत उभा राहिलो. त्या घटकेत मी काय विचार करत होतो ते लिहीत नाही.

तेवढ्यात बाई आत आली. म्हणाली, "सायेब, मूर्ती मागच्या खोलीत हायत ना? दोन दिवसांनी चतुर्थी. डाव्या हातानं आखून बघते. टेम्पो ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, मूर्ती तरी न्या दुकानात." भांडायला आली नव्हती. काम सांगायला आली होती.

मी काय शिकलो ते लोक विचारतात. दिव्याच्या मागे बसणाऱ्याला आपला दिवा कसा दिसतो ते कधी कळत नाही. त्याला फक्त रस्ता चांगला दिसतो. तो खूष असतो. दुसरं असं की अडाणी माणूस जे आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो ते लिहून घ्यावं, आपल्याला कळो न कळो. मी स्वतः सातवीचा. कुणी मला अडाणी म्हटलं तर आजही चालत नाही. आणि मी मात्र तिला म्हटलं, मोटारीला नजर नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूर्ती जीपमध्ये पेंढ्यात बसवून रोह्याला धाडल्या. बाई पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर बसून गेली. बल्ब आधीच काढून मोहोरबंद केले होते. मग चौकीत आलो, माझी खुर्ची शिपायाला दिली आणि ज्या बाकावर ती जबाब देताना बसली होती त्या बाकावर बसलो. म्हटलं, जबाब घे. तो म्हणाला, "दादा, कुणाचा?"

"माझा. पहिली ओळ लिही, एक दिवा वर बघत होता."

त्यानं अर्धा तास लिहिलं. मग लेखणी माझ्यापुढे केली, सहीसाठी.

मी म्हटलं, "आधी वाचून दाखव."