सांगावा पोचला

डबा संपला की मॅडम करंगळी वर करायच्या. भर स्टाफरूममध्ये, समोर प्राचार्य बसलेले असले तरी. "सर, सांगावा पोचला," असं मला म्हणायच्या आणि निघायच्या.

ज्याचं सगळं खपून जातं असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. औंढ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात आम्ही दोघंही जीवशास्त्र शिकवायचो. अ तुकडी माझी, ब त्यांची. मी रंगीत खडूंनी असं मूत्रपिंड काढायचो की फ्रेम करून लावावं. पोरं जांभया द्यायची. भिंतीपलीकडे मात्र हशा.

माझी लेकसुद्धा मुद्दाम ब तुकडीत गेली. वर म्हणाली, "बाबा, घरी तुम्ही आहातच की!"

एकदा न राहवून मी त्या वर्गात डोकावलो. एक पोरगं आतडं झालं होतं, हातात मिठाची पुडी. शेवटच्या बाकावरची मुलगी मूत्रपिंड, तिच्याकडे पाण्याची बाटली. आणि मधून माझी लेक धावत होती.

"काहून पळून राहिली गं?" मॅडमनी विचारलं.

"आतड्याचा सांगावा घेऊन चालले, मॅडम! मीठ आलंय, बाहेर काढा!"

बाटली उलटी झाली. फरशीभर पाणी.

"बराबर! रक्तात मीठ वाढायची वाट न्हाई पाहत आतडं. आधीच हार्मोन धाडतंय."

मी जळलो. घरी आई जेवून उठली की लेक विचारायची, "आजी, सांगावा पोचला का?" आई पदर तोंडाला लावून हसायची. तेच मी हार्मोनच्या नावासकट समजावलं, तर दोघी ताटाकडे बघायच्या.

नवऱ्याची बदली झाली तशा मॅडम गेल्या. जाताना म्हणाल्या, "सर, मूत्रपिंड शिकवायचं म्हटलं की तुमच्या फळ्याचा फोटो दाखवायची मी पोरांना. मला चित्र जमतच न्हाई." धड रागवायलाही जागा ठेवली नाही बाईंनी.

लेक आता डॉक्टर होतेय, हॉस्टेलवर असते. दुपारच्या सुट्टीत तिचा फोन येतो. स्टाफरूममधली शेजारची, मॅडमची खुर्ची रिकामीच असते.

"बाबा, जेवलात?"

"व्हय."

"मग, सांगावा पोचला का?"

माझी लेक, माझी काळजी, आणि शब्द त्या बाईंचे. अजून पोटात जळतं.

"पोचला," मी म्हणतो, आणि फोन कानाला असतानाच माझी करंगळी वर जाते.