कारण अज्ञात नव्हतं

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, पेनाच्या टोकाने एक डाग दाखवला आणि म्हणाले, "ये हड्डी मर चुकी है."

मी एकोणतीस वर्षांची होते. माणूस जिवंत असताना त्याचं एखादं हाड मरू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

आजाराचं नाव ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि ते खुब्याच्या वाटीत फिरतं. त्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडल्या की हाड उपाशी मरतं आणि मग खचतं. माझा उजवा गोळा खचला होता. डॉक्टरांनी फाइलमध्ये आजाराचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे आणखी एक शब्द लिहिला, इडिओपॅथिक. मी अर्थ विचारला.

"मतलब, कारण अज्ञात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अज्ञात कसलं? कारण आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर टेनिस अकॅडमी चालवत होतं, आणि अकॅडमीच्या गेटवरच्या बोर्डावर माझाच फोटो होता.

त्या माणसाचं, माझ्या कोचचं, नाव मी लिहीत नाही. वकिलांनी नको म्हटलंय. आम्ही सगळ्या मुली त्यांना सर म्हणायचो, इथेही तेच म्हणते. ओळखणारे ओळखतील, आणि ओळखावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. घराजवळच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळायला लागले आणि विशीत देशातल्या पहिल्या सहा जणींत आले. घरी नुकतंच केबल आलं होतं. परदेशी मॅचेस पाहून आई म्हणायची, "त्यांच्यासारखं ओरडू नकोस हं, शोभत नाही." मी ओरडायचे नाही. मी मोठे फटके मारणारी खेळाडूही नव्हते. बेसलाइनवर उभी राहून चेंडू परत पाठवत राहायचे, समोरची कंटाळून चूक करेपर्यंत. पेपरवाले त्याला रटाळ म्हणत. म्हणोत बापडे, मी जिंकायचे.

दर शनिवारी सर कोर्टामागच्या खोलीत सुई द्यायचे, कमरेखाली. "ताकद की सुई है." बाटलीवरचं लेबल त्यांनी आधीच नखाने खरवडून काढलेलं असे. का, तर दुसऱ्या कोचना आपलं गुपित कळू नये म्हणून, असं ते म्हणत, आणि आम्हाला तो त्यांचा मोठेपणा वाटे. सुई घेतली की दुखणं गायब. भूक अशी लागे की सकाळी सहा पराठे पोटात जात. चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला. आईने विचारलं तेव्हा सर हसले, "दिल्ली का पानी लग गया, भाभीजी."

अशी दोन वर्षं गेली. मग जांघेत दुखायला लागलं. सर म्हणाले, स्नायू आहे. मी पहिल्या फेरीत हरायला लागले. एका वार्ताहराला सरांनी सांगितलं, "लड़की में भूख नहीं रही." ते छापून आलं. चोविसाव्या वर्षी मी खेळ सोडला, खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेल्या नोकरीत फायली सरकवू लागले आणि पुढची पाच वर्षं स्नायूच समजून शेकत बसले. मालिश झालं, पट्टे झाले, एका वैद्याचं तेलही झालं.

तुमच्यापैकी कोणाला जांघेत खोल दुखत असेल, मोजे घालताना पाय वर येत नसेल, मांडी आत वळवताना कळ येत असेल, तर माझ्यासारखे शेकत बसू नका. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हे दिसत नाही. एमआरआय करून घ्या.

डॉक्टरांना मी सुयांबद्दल त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. स्टेरॉइड असेल तर असं होऊ शकतं, म्हणाले. तसं असेल तर दुसरा खुबा आणि दोन्ही खांदेही तपासायला हवेत, कारण हा आजार एका जागी थांबेलच असं नाही. पण लेबल नसलेल्या बाटलीवरून ते कारण लिहिणार कसं? "दवा का नाम और कितनी बार दी, ये पता करके आइए. तब लिखूँगा." माझ्या कपाळावर तोवर अज्ञातच.

आधी ऑपरेशन झालं, टोटल हिप रिप्लेसमेंट. म्हणजे मेलेला गोळा कापून काढायचा आणि त्याजागी धातूचा बसवायचा. हॉस्पिटल नवंकोरं होतं. लॉबीत संगमरवर आणि बाहेर मोहरीची शेतं. भेटायला आलेली लक्ष्मीबाई नगरची मावशी बघतच राहिली, म्हणाली, "हे हॉटेल आहे की काय गं?" तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली. नाव शीबा, केरळची, हिंदी आमच्या आईपेक्षा बरी. तिने वॉकर समोर ठेवला आणि विचारलं, "कहाँ तक चलना चाहती हो? कोई एक जगह सोचो."

लोक देवळाचं नाव सांगत असतील. मी अकॅडमीचं सांगितलं.

पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत. घरी आल्यावर लिफ्टपर्यंत, मग सोसायटीच्या गेटपर्यंत, मग पाण्याचे टँकर उभे राहतात त्या वळणापर्यंत. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही गुडगावला फ्लॅट घेतला होता. रस्ते अर्धे, दिवे त्याहून अर्धे, पण प्रत्येक बिल्डरच्या जाहिरातीत टेनिस कोर्ट असायचंच. सरांनीही अकॅडमी तिथेच काढली होती, आणि त्यांची चांदी होती. दुखायला लागलं की मी दात-ओठ खाऊन सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचे आणि आणखी दहा पावलं टाकायचे. शीबा म्हणायची, इतका उत्साही पेशंट तिने पाहिला नाही. मी तिला खरं सांगितलं नाही. ती दर रविवारी चर्चला जाणारी बाई, उगाच माझ्यासाठी प्रार्थना करत बसली असती.

चार महिन्यांनी काठी घेऊन मी तिथे पोचले. रविवार होता, पालकांची सभा. बाबांना चलता का म्हटलं, तर ते "नको" म्हणाले, म्हणून आई आली. जाताना तिने बजावलं, "भांडू नकोस. भांडलीस की तो मूग गिळून बसेल."

आईला कळत होतं. मी भांडायला गेलेच नव्हते.

सर मला बघून फुलले. काठीकडे पाहिलं, पण विचारलं नाही. माझा हात धरून त्यांनी मला पुढे नेलं. "ये देखिए, बोर्ड वाली लड़की!" तीस-पस्तीस पालक, त्यातले बरेच नव्या कंपन्यांमधले, रविवारीही गळ्यात ओळखपत्र असलेले. सरांनी माझ्या हातात माइक दिला.

आणि मी चेंडू परत पाठवायला सुरुवात केली. म्हटलं, मी जी काही झाले ती सरांमुळे. सर मुलींवर पोटच्या पोरीसारखी मेहनत घेतात. सरांना औषधांचं जेवढं कळतं तेवढं डॉक्टरांनाही कळत नसेल. त्यांना मी हरभऱ्याच्या झाडावर इतकं वर चढवलं की आईसुद्धा माझ्याकडे संशयाने बघायला लागली. मग हळूच म्हटलं, "सर, वो ताकद की सुई. उसी से तो मैं फाइनल खेल पाई. नाम क्या था उसका? मुझे कभी याद नहीं रहता."

सर हसले. "अरे, वो हमारा सीक्रेट है बेटा."

"अब तो मैं रिटायर हो गई, सर. किससे छुपाना है?"

पालक हसले. सरांना हसणारा प्रेक्षक मिळाला की ते थांबत नसत. त्यांनी माइक माझ्या हातातून घेतला आणि ऐटीत सांगितलं, "मिथाइल-प्रेडनिसोलोन! डिपो वाला."

म्हणजे अंगात हळूहळू झिरपत राहणारं स्टेरॉइड. दुसऱ्या रांगेतली एक बाई ताठ झाली. पुढे कळलं की ती भूल देणारी डॉक्टर आहे आणि तिची बारा वर्षांची मुलगी तिथे शिकते. तिने विचारलं, "कितनी बार दिया इसको?"

"हर शनिवार, मैडम. पूरे दो सीज़न. तभी तो चैंपियन बनते हैं!"

ती उभी राहिली. "और मेरी बेटी को?"

सरांनी माइक खाली केला. तेव्हा मी माइक परत घेतला, काठी आईकडे दिली, आणि काय झालं ते सांगितलं. मेलेलं हाड, धातूचा गोळा, एकोणतिसावं वर्ष. आवाज चढवला नाही. त्यांचा चेहरा उतरताना बघण्यात मला जो आनंद झाला, तो एकही कप उचलताना झाला नव्हता. मला त्याची लाज वाटत नाही. वाटायला हवी, असं आतापर्यंत चार भल्या माणसांनी सांगून झालंय.

त्या डॉक्टर बाईंनी ऐकलेलं सगळं कागदावर लिहून खाली सही केली. आणखी नऊ पालकांनी केली. तो कागद मी माझ्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी इडिओपॅथिकवर रेघ मारली आणि वर लिहिलं, स्टेरॉइड-इंड्यूस्ड. स्टेरॉइडमुळे झालेला. मग लगेच बाकीच्या सांध्यांचे एमआरआय सांगितले. खांदे ठीक निघाले. डाव्या खुब्यात सुरुवात झाली होती, पण गोळा अजून खचला नव्हता. कोअर डीकॉम्प्रेशन केलं, म्हणजे हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब कमी करायचा, की रक्ताला वाट मिळते. तो खुबा आजही माझा स्वतःचा आहे. अकॅडमी तीन महिन्यांत बंद पडली. त्या डॉक्टर बाईंच्या मुलीला दोनच सुया मिळाल्या होत्या.

माफ केलं की मन शांत होतं आणि शरीर लवकर भरून येतं, असं हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. मी माफ न करता बरी झाले. डॉक्टर, शीबा, आई आणि त्या अनोळखी बाई यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि सरांनाही विसरणार नाही.

इथे थांबायला मला आवडलं असतं. पण फाइल घरी आणली त्या दिवशी बाबांनी ते पान मागून घेतलं. बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "यात माझंही नाव घालायला हवं होतं."

मी म्हटलं, "तुमचा काय संबंध, बाबा?"

"दर शनिवारी तुला मीच नेऊन सोडायचो. बाहेर पेपर वाचत बसायचो. एकदाही आत येऊन विचारलं नाही, काय देताय म्हणून."

"का नाही विचारलं?"

"तू जिंकत होतीस," बाबा म्हणाले.

मी त्यांच्यावर चिडणार होते. शब्द तोंडाशी आले होते. पण त्या खोलीत आत मी होते, सुई मला टोचत होती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. माझं कारणही तेच होतं.