पानसुपारीवर सुटलेली भागीदारी

रुपराव म्हणजे माझे भाऊजी, कौसल्याताईचे यजमान. इतवारीत त्यांचं आणि चंपतरावाचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, 'रुपराव चंपतराव भांडेवाले'. उभी जवानी दोघांनी एका गादीवर काढली. बहात्तर साली भाऊजींचा दमा बळावला आणि त्यांनी दुकान सोडायचं ठरवलं.

सोडलं कसं? इतवारीत तेव्हा सोडत तसं. बाजारातली चार वडीलधारी माणसं बसली, नारळ फुटला, पानसुपारी झाली, दोघं एका ताटात जेवले. भाऊजींनी आपला हिस्सा घेतला, दुकान चंपतरावाचं झालं.

"बोर्ड राहू दे गा भाऊ," चंपतराव म्हणाला, "तुझ्या नावानं गिऱ्हाईक येते."

भाऊजींनी हसत मान डोलावली. तिथंच घात झाला!

मी त्यांना ओढत वकिलाकडे नेलं होतं. वकील म्हणाले, फर्मच्या रजिस्ट्रारला कळवा, गॅझेटात आणि मराठी पेपरात जाहीर सूचना द्या. नाही तर जगाच्या लेखी तुम्ही अजून भागीदारच. भाऊजी जिन्यातच माझ्यावर उखडले.

"पेपरात कोणाचं नाव येते, मनोहर? घरातून हाकललेल्या पोराचं! मी काय चंपतशी भांडून निघालो? लोक काय म्हणतीन?"

मी हात जोडले, पाया पडलो. ऐकतील तर शपथ!

सक्करदऱ्याला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. ताईनं स्वतः भिंतींना पाणी मारलं. इकडे घरोघर स्टील आलं, पितळेला कुत्रं विचारेना. चंपतरावानं भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याकडून माल उधार उचलला आणि पार बुडाला. व्यापाऱ्यानं दावा लावला तो दोघांवर. समन्स हातात घेऊन भाऊजी नुसते बसून राहिले. "मी तर निघालो होतो ना रे?" दिवसभर तेच.

वकील म्हणाले, आता एकच वाट आहे. माल देताना तुम्ही निघाल्याचं व्यापाऱ्याला ठाऊक होतं, हे शाबीत करा. आणि ते सांगू शकणारा माणूस एकच, चंपतराव. नाही तर घर गेलं समजा.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याला पाहताच मला वाटलं, धरावं आणि आपटावं. भाऊजींनी मात्र त्याचे हात हातात घेतले. "कोर्टात खरं सांग गा. दुसरं काही मागत नाही."

"सांगतो भाऊ, आईची आन," तो रडत म्हणाला.

आणि त्यानं खरंच खरं सांगितलं. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "रुपराव बहात्तरलेच निघाले." भाऊजींनी माझा हात घट्ट दाबला. मग समोरचा वकील उठला. हे व्यापाऱ्याला सांगितलं होतं का?

"नाही, साहेब. त्यानं विचारलं, रुपराव आहेत ना? मी बोर्डाकडे बोट केलं. म्हटलं, आहेत तर."

भाऊजींचा हात माझ्या हातातून सुटला.

निकाल आला. पैसा दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करा. चंपतरावाकडे उरलं होतं काय? फुटका हंडासुद्धा नाही. मग व्यापारी आला भाऊजींच्या घरावर. पुढं तुम्ही चंपतरावावर दावा लावू शकता, असं वकील वर सांगत होते. डोकं फिरलं माझं! त्याच्यावर दावा लावून काय मिळवायचं, त्याचे फाटके जोडे?

जप्तीच्या दिवशी कोर्टाचा बेलीफ डफवाल्याला घेऊन अंगणात आला. असली जप्ती डफ वाजवून जाहीर करतात. सारी आळी गोळा झाली. भाऊजी खाटेवर, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बेलीफानं कागद उघडला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "हे घर कोणाचं?"

भाऊजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई दारात आली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "आजपर्यंत आमचंच आहे, भाऊ. वाजवा."