जंपरवर मारलेलं डिझेल

सुमनताईंचं नाव आधी घेते. माझ्या मोठ्या नणंद, त्यांच्या माहेरीच, म्हणजे आमच्याच घरात राहतात. मी चार माणसांत उभी राहायला शिकले ती त्यांच्यामुळे. पुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्याला नाही.

माझं माहेर गुहागरकडचं. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन वऱ्हाडात, शिरपूर जैनला आले. नवरा ट्रकवर. दिवसभर मी, सासूबाई आणि स्वयंपाकघराची भिंत. इथली बोलीही कळायची नाही. ताई रस्त्यालगत गाड्या धुवायचं सेंटर चालवायच्या. एक दिवस सासूबाईंना म्हणाल्या, "मंगलले माह्यासंगं पाठव."

"घरची सून रोडवर ट्रॅक्टर धुईन काय?"

"मंग मी काय करून राह्यली तिथं? पोया लाटून राह्यली?"

अशी मी बाहेर पडले. ताईंनी सगळं शिकवलं.

आमच्याकडे गाडी धुतली की वरून डिझेलचा फवारा मारतात. गंज धरत नाही, गाडी चमकते, गिऱ्हाईक खूश. पण गावातल्या मास्तरांच्या मुलाची, अक्षयची सायकल वेगळी होती — मामाने पुण्याहून दिलेली, डोंगरात चालवायची, मागच्या चाकालाही धक्के झेलणारा जंपर. चिखल बसून तो कुरकुरायला लागला होता. कसं साफ करायचं ते अक्षयने ताईंना सांगितलं, ताईंनी मला. पाण्याच्या मशीनचा जोर सांध्यांवर नको, पाणी आत शिरतं आणि ग्रीस निघून जातं. ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुवायचं, कोरडं पुसायचं, मग ग्रीस. "आन डिझेल तं बिलकुल नाई. खाली ब्रेकची चकती हाय, तेल लागलं तं ब्रेक धरत नाई."

कळलं नव्हतं का मला? कळलं होतं.

त्या दिवशी ताई वाशिमला गेल्या होत्या. दारात ट्रॅक्टर खोळंबलेले. मी सरळ मशीन मारली. चिखल गेला, पण जंपर दाबला तर आधीपेक्षा जास्त कुरकुर. घाबरले. आवाज बंद व्हावा म्हणून — हो, डिझेल मारलं. चकतीवर थेंब उडाले. दिसले मला. जवळच्या फडक्याने पुसले; तेही डिझेलचंच. कुरकुर थांबली.

"वैनी, नवी करून देल्ली तुमी," अक्षय म्हणाला. मी हसले.

उतारावर मागचा ब्रेक धरलाच नाही. अक्षय पडला, मनगट मोडलं. पोलीस भरतीचं ग्राउंड तोंडावर आलं होतं, ते गेलं.

मास्तर आले. सेंटरची जागा त्यांचीच. "डिझेल कोनं मारलं?"

ताई माझ्याकडे वळल्या. मला ती स्वयंपाकघराची भिंत दिसली. आणि मी म्हणाले, "ताईंनीच मारायला सांगितलं होतं."

एवढं एकच वाक्य. ताई मास्तरांना म्हणाल्या, "चुकलं, भाऊ."

"उद्यापासून तुमी इथं पाय नका ठिऊ, सुमनबाई. त्या पोरीचा काय दोष? तिले जसं सांगसान तसं ती करीन."

माझा दोष त्यांनी स्वतःवर का घेतला? मी कधी विचारलं नाही. त्या रात्री फक्त म्हणाल्या, "जेवून घे, मंगल."

आता सेंटर मी चालवते. ताई लोकांच्या वावरात तण निंदायला जातात. संध्याकाळी बोटांच्या चिरांना तेल लावत विचारतात, "आज गाड्या बऱ्या आल्या काय वं?" मी हो म्हणते, ताट वाढते. एकच घर, एकच न्हाणी, एकच उंबरा — तोंड लपवायला जागा नाही. तोंड उघडलं तर सेंटर जाईल. मिटलेलं ठेवलं, तर उद्या पुन्हा हीच संध्याकाळ. गावात म्हणतात, सून गुणाची निघाली.

भ्याले म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच आहे. ताईंची जागा रिकामी झाली तेव्हा मी नको म्हटलं नाही. मला ती हवी होती.

सुमनताई, ज्या मास्तरांसमोर मी तुमचं नाव घेतलं, त्यांच्याच समोर एक दिवस माझं घेईन. तुमचं ऋण फेडायचं तर असंच फेडता येईल. फेडेन.